गोणपाटासकट

संघाची सेक्रेटरी होऊन कौशल्या मेश्रामांना एकोणीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान सतरा वर्षं त्या दर वार्षिक सभेत "आता दुसरं कुणीतरी बघा बरं" असं म्हणत आल्या होत्या. सभासद हसायचे, टाळ्या वाजवायचे आणि चहाकडे वळायचे. टाळ्या वाजवल्या की बाई आणखी एक वर्ष राबते, एवढं त्या मंडळींना अगदी बरोबर कळलं होतं.

'उद्यानविद्या व्यावसायिक संघ, पुणे' हे नाव ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर मोठं कार्यालय, शिपाई, दारात कुंड्या वगैरे येत असेल तर त्यांनी ते आधी पुसून टाकावं. टिळक रस्त्यावरच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली. दोन कपाटं, एक लांब टेबल, अकरा खुर्च्या, त्यातल्या नऊ बसण्याजोग्या. कुंडी एकही नाही, कारण पाणी घालायला कुणी नाही. वार्षिक सभेला गणसंख्या कधीच भरत नसे. मग नियमाप्रमाणे सभा अर्धा तास तहकूब करायची आणि त्याच सात माणसांनी त्याच खुर्च्यांवर बसून ती पुन्हा सुरू करायची. अर्ध्या तासात कुणी उठूनसुद्धा जायचं नाही.

तरी संघ होता, आणि त्याला काम होतं. प्रदर्शनांना परीक्षक पुरवायचे, सभासदांची आपसातली भांडणं मिटवायची, झाडांच्या नावाखाली कुणी लोकांना गंडवलं तर त्याला कागदावर दटावायचं, एखादं झाड का मेलं याचा लेखी अभिप्राय द्यायचा. आणि दर रविवारी सकाळी माळ्यांचा वर्ग. हा वर्ग कौशल्याबाईंनी सुरू केला होता. बाकी सगळं त्या कर्तव्य म्हणून करत. वर्ग मात्र जीव लावून घेत. चौथी-सातवी शिकलेली माणसं हातातली माती पायजम्याला पुसत बाकांवर बसायची आणि एक बाई आपल्याला झाडाचं शास्त्र सांगते याचं त्यांना भारी कौतुक वाटायचं.

मधली काही वर्षं संघाला कुणी विचारत नव्हतं. मग हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांना झाडं हवी होती. तीही वाढलेली, उद्घाटनाच्या आधी, सरळ रांगेत. शिवाय प्रत्येक गोष्टीला लेटरहेडवरचा कागद हवा होता. झाडाची सावली नसली तरी चालेल, कागद पाहिजे. अशा रीतीने संघाला एकाएकी भाव आला आणि कौशल्याबाईंची पाठ जास्तच दुखू लागली.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत आलेलं पत्र अशाच एका कंपनीचं होतं. आवारातल्या मुख्य रस्त्यावर लावलेल्या बासष्ट बकुळींपैकी चाळीस वाळल्या होत्या. दोन पावसाळे नीट काढले आणि मग एकेक करून गेल्या. झाडांना पाणी होतं, खत होतं, माणसं होती. तेव्हा यात निष्काळजीपणा कुणाचा, याबद्दल संघाने शुक्रवार दुपारपर्यंत अभिप्राय द्यावा. देखभाल करणाऱ्यांचा दोष निघाल्यास मुकादम सुखदेव पारखी याला काढून टाकायचा कंपनीचा विचार आहे.

सुखदेव पारखी हे नाव वाचून कौशल्याबाईंनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. अठ्ठ्याऐंशी सालच्या वर्गातला, माण गावचा. बावीस वर्षांचा पोरगेला माणूस, सायकलवरून यायचा. एकही रविवार चुकवला नव्हता त्याने.

त्यांनी संघाच्या अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष श्रीनिवास करंदीकर. यांची धायरीला रोपवाटिका, आणि त्या बासष्ट बकुळी यांच्याच रोपवाटिकेतून गेलेल्या.

"मेश्रामबाई, आपण जाऊन या," करंदीकर म्हणाले. "मी गेलो तर लोक म्हणतील, स्वतःच्या झाडांची वकिली करायला आला."

"मी गेले तर काय म्हणतील?"

"तुम्हाला कोण काय म्हणणार? तुम्ही पुस्तक लिहिलंय."

पुण्यात हे कौतुक की टोमणा, ते शेवटपर्यंत कळत नाही. कौशल्याबाई चाळीस वर्षांपूर्वी भंडाऱ्याहून शेतकी कॉलेजात शिकायला आल्या, तेव्हापासून त्यांनी ते कळून घ्यायचा नाद सोडला होता.

पुस्तक मात्र खरंच होतं. 'झाड लावताना', माळ्यांसाठी बत्तीस पानं, साल चौऱ्याऐंशी. सरकारी रोपवाटिकेतली नोकरी सांभाळून त्यांनी ते लिहिलं होतं. साधी वाक्यं, मोठा टाइप, प्रत्येक पानावर चित्र. संघातल्या दोघा-चौघांनी तेव्हा नाकं मुरडली होती, की ही काल आलेली बाई आपल्याला झाड लावायला शिकवणार का. पण पुस्तक चाललं. सहा आवृत्त्या निघाल्या. त्यांच्या वडिलांनी पहिली प्रत भंडाऱ्याच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत, "आमच्या कौशल्यानं लिहिलं." वडील गेले तरी प्रत तिथंच होती.

मंगळवारी त्या हिंजवडीला गेल्या. बिबवेवाडीहून तीन बस बदलून, शेवटी कंपन्यांच्या बसगाड्यांच्या रांगेत तासभर अडकून, एकदाच्या पोचल्या. फाटकावर त्यांची पिशवी तपासली, नाव लिहून घेतलं, गळ्यात एक पट्टा अडकवला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गळ्यात पट्टा! असो.

आवाराची व्यवस्था बघणारा आयुष नावाचा तरुण त्यांना घ्यायला आला. गोड होता बोलायला. "मॅम, ॲक्च्युअली आम्हाला फक्त क्लॅरिटी पाहिजे. व्हेंडर म्हणतो मेन्टेनन्सचा फॉल्ट, माळी म्हणतात पाण्यात काही कमी केलं नाही. शुक्रवारी पाच वाजता मीटिंग आहे, त्यात क्लोज करायचंय."

"झाडं क्लोज झालीच आहेत," कौशल्याबाई म्हणाल्या. आयुष हसला. त्याला विनोद कळला की नाही, देव जाणे.

सुखदेव बकुळींच्या रांगेपाशी उभा होता. अडतिसाव्या वर्षीच कानांवर पांढरं आलं होतं. त्याने वाकून नमस्कार केला आणि एकदम धीर आल्यासारखा सरळ उभा राहिला. "बाई आल्या. आता मला घोर न्हाय," तो आयुषला म्हणाला. "ह्यास्नी झाडाकडं बघितलं की कळतं बघा."

कौशल्याबाईंनी झाडांकडे बघितलं. वाळकी फांदी मोडून पाहिली, खोडाची साल नखाने खरवडली. कीड नव्हती, वाळवी नव्हती. माती ओलसर, आळी सुबक, मुकादमाने जीव टाकला होता हे उघड दिसत होतं. जिवंत उरलेल्या बावीसांची पानंसुद्धा कडेने पिवळी पडत चालली होती. पाणी देऊनही तहानेने मरत होती झाडं. म्हणजे जे काय होतं ते खाली होतं.

"एक मेलेलं खण," त्या म्हणाल्या.

सुखदेवने टिकाव घेतला. गुडघाभर खणल्यावर त्याने झाड हलवलं, आणि ते हललं. दोन वर्षं जमिनीत असलेलं, दोन पुरुष उंचीचं झाड एका माणसाच्या हाताने हललं. कौशल्याबाई खड्ड्याच्या काठावर बसल्या, गुडघे कुरकुरले, आणि त्यांनी हाताने माती बाजूला केली. खाली पांढरं काहीतरी लागलं. त्यांनी बोटं घालून ते ओढलं.

प्लास्टिकचं पोतं. विणलेलं, खताच्या कंपनीची निळी अक्षरं अजून वाचता येत होती. पोतं मातीच्या गड्ड्याभोवती गच्च होतं, सुतळीऐवजी नायलॉनच्या दोरीने आवळलेलं. आत मुळं पोत्याच्या कडेकडेने गोल गोल फिरली होती, एकमेकांना आवळून काळी पडली होती, कुजली होती. एकाही मुळाला बाहेर पडता आलेलं नव्हतं.

"सुखदेव, पोतं काढलं का नाहीस?" त्यांनी विचारलं. आवाजात राग होता, नाही म्हणायला.

सुखदेव गोंधळला. "काढायचं नसतंय ना, बाई."

"कुणी सांगितलं?"

"तुम्हीच की. पान चौदा." आणि शाळेत उभा राहून म्हणावं तसं त्याने म्हणून दाखवलं. "गड्डा गोणपाटासकट खड्ड्यात ठेवावा. गोणपाट काढू नये. काढताना माती सुटते व मुळे उघडी पडतात. गोणपाट एका पावसाळ्यात कुजून मातीत मिसळते." एक शब्द इकडचा तिकडे नाही. "आमच्या समद्या माणसांस्नी मी हेच सांगतो. एकानं काढाया घेतलं व्हतं, त्याला वरडलो मी."

कौशल्याबाईंच्या हातात पोत्याचं टोक तसंच राहिलं.

चौऱ्याऐंशी साली पोतं म्हणजे तागाचं. मार्केट यार्डातून धान्याची जुनी पोती आणायची, ओली करायची, गड्ड्याला गुंडाळायची. एका पावसाळ्यात ती मातीत मिसळून जायची. ते वाक्य अगदी खरं होतं. मग कधीतरी, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला, तागाची पोती मिळेनाशी झाली आणि सगळ्यांनी खताची, सिमेंटची प्लास्टिकची वापरायला घेतली. स्वस्त, हलकी, फाटत नाहीत. कौशल्याबाईंनी स्वतः पाहिली होती ती, प्रत्येक रोपवाटिकेत, शेकडो वेळा. त्यानंतर पुस्तकाच्या दोन आवृत्त्या निघाल्या. दोन्ही वेळा त्यांनी मुद्रितं तपासली, चित्रं बदलली, खतांची नवी नावं घातली. पान चौदा वाचून पुढे गेल्या. डोळ्यांनी पोतं बघत होत्या आणि पुस्तकात गोणपाट वाचत होत्या, आणि दोन्हींची गाठ त्यांच्या डोक्यात कधी पडलीच नाही. अरे देवा, एकदासुद्धा नाही.

आणि दर रविवारी हेच शिकवलं.

"बाई?" सुखदेव म्हणाला.

त्या वेळी बोलायला हवं होतं. आयुष चार झाडं पलीकडे मोबाइलवर बोलत उभा होता, पोतं हातात होतं, एक वाक्य पुरलं असतं. पण त्यांना वडील आठवले. भंडाऱ्याच्या घरातली ती प्रत आठवली. आणि खरं सांगायचं तर त्या घाबरल्या.

"बघते मी," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठल्या. सुखदेवने उठायला हात दिला. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

बुधवारी त्यांनी अभिप्राय लिहायला घेतला आणि ठेवून दिला. पाठ दुखत होती, हे खरं होतं. पण पाठ काय, रोजच दुखायची.

गुरुवारी करंदीकर संघाच्या खोलीवर आले. बसण्याजोगी खुर्ची शोधून बसले. कौशल्याबाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. करंदीकर टेबलावरचा शाईचा डाग बोटाने पुसू लागले. वाईट माणूस नव्हे तो. त्यांनाही सत्तरी जवळ आली होती, मधुमेह होता, मुलगा कॅलिफोर्नियात होता आणि रोपवाटिकेच्या जागेवर रोज एक बिल्डर येऊन चहा पिऊन जात होता.

"पोती मीच दिली होती," ते म्हणाले. "पण तुमच्या पुस्तकात आहे म्हटल्यावर मलाही वाटलं नाही काढावीत असं. मीही तेच करत आलो."

"म्हणजे आपण दोघंही."

"आपण दोघं नाही, बाई. संघ." त्यांनी चष्मा पुसला. "असं बघा. बाराशे माळी शिकवलेत तुम्ही. हे लिहून दिलंत की उद्या पुण्यातलं प्रत्येक मेलेलं झाड आपल्या दारात आणून टाकतील. संघ उरेल का? मी म्हणतो, खोटं लिहू नका. 'देखभालीत त्रुटी आढळल्या' एवढंच लिहा. त्रुटी कुणाची ते लिहूच नका."

"आणि सुखदेव?"

"त्याला मी माझ्याकडे घेईन."

"तुमच्याकडची माणसं तुम्ही दिवाळीतच कमी केलीत."

करंदीकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चार दिवस घ्या. घाई करू नका." शुक्रवारची मुदत त्यांना माहीत होती. उठताना त्यांनी खुर्ची सवयीने नीट सरकवून ठेवली.

त्या संध्याकाळी मुलगी नम्रता कामावरून आली तेव्हा कौशल्याबाई टेबलाशी होत्या, पुढ्यात सहावा कागद. नम्रता स्वतः अशाच एका कंपनीत होती, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम. तिने उभ्यानेच पाच खोडलेले कागद वाचले.

"आई, हे लेटर दोन ओळींचं आहे."

"तुला काय जातं म्हणायला? माझं नाव आहे त्यावर."

"म्हणूनच दोन ओळींचं आहे," नम्रता म्हणाली आणि चहा टाकायला गेली. पोरीची जीभ अस्सल पुणेरी. इथंच जन्मली ना, दुसरं काय होणार.

शुक्रवारी सकाळी अकराला त्यांनी घरीच बसून लिहिलं. झाडे मेली ती गड्ड्याभोवतीचे प्लास्टिकचे पोते न काढल्यामुळे. पोते काढू नये ही सूचना संघाच्या पुस्तिकेतील पान चौदावर आहे. पुस्तिका मी लिहिली आहे व माळ्यांना मीच शिकवले आहे. मुकादम सुखदेव पारखी यांनी सूचनेचे तंतोतंत पालन केले, त्यांचा दोष नाही. उरलेल्या बावीस झाडांची पोती ताबडतोब कापल्यास ती वाचू शकतील. खाली सही, कौशल्या मेश्राम, सेक्रेटरी.

लिहून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी स्वतःसाठी शिरा केला. इमारतीखालच्या झेरॉक्सच्या दुकानात फॅक्स होता. पाच मिनिटांत कागद हिंजवडीला पोचला असता. पण अशी गोष्ट फॅक्सने पाठवायची नसते, समोर जाऊन सांगायची, असं त्यांनी स्वतःला समजावलं. उद्या सकाळी जाऊ. मुदत दुपारची असली म्हणून काय, एका दिवसाने कुणाचं काय अडतंय? थकलेलं माणूस स्वतःला किती गोड समजावू शकतं, ते त्यांच्याकडून शिकावं.

शनिवारी पुन्हा तीन बस, पुन्हा पिशवीची तपासणी, पुन्हा गळ्यात पट्टा. आयुषने त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि पत्र वाचलं. वाचता वाचता त्याच्या भुवया वर गेल्या.

"मॅम, पण हे तर क्लोज झालं काल."

"काय झालं?"

"तुमचा रिपोर्ट आला नाही ना. मी दोनदा फोन केला तुमच्या ऑफिसला, कुणी उचलला नाही. मग सुखदेवने स्वतःच लिहून दिलं." त्याने फाइलमधून एक रेघांचा कागद काढून पुढे केला. खरं तर त्यालाही ते बरं वाटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. "मी त्याला म्हटलं, थांब, मॅमचं लेटर येऊ दे. तो म्हणाला, नको."

अक्षर वाकडंतिकडं, पण ओळी सरळ. कौशल्याबाईंनीच वर्गात सांगितलं होतं, नोंदवहीत ओळ सोडून लिहायचं.

'मी सुखदेव बबन पारखी लिहून देतो की झाडे माझ्या चुकीने मेली. मेश्राम बाईंनी मला पोते काढायला शिकवले होते. मी ऐकले नाही. यात बाईंचा दोष नाही, त्यांच्या पुस्तकाचा दोष नाही.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात.

"हे खोटं आहे," त्या म्हणाल्या. "मी असं कधीच शिकवलं नाही. उलटं शिकवलं. पान चौदा उघडून बघा, पुस्तक आणलंय मी. हा कागद फाडा आणि माझा घ्या."

"मॅम, त्याची सही आहे. वर गेलंय ते. मी तुमचं लेटर फॉरवर्ड करतो, प्रॉमिस. पण त्याचा काल लास्ट डे झाला. आज फक्त सामान न्यायला आलाय." आयुषने पत्राच्या प्रतीवर 'मिळाले' असा शिक्का मारला आणि तारीख घातली. तारीख शनिवारची. "आणि ती बावीस झाडं मी आजच कापून घेतो. म्हणजे, पोती."

एवढं मात्र त्याने केलं. दुपारीच माणसं लावली, हे पुढे कळलं.

सुखदेव फाटकापाशी कट्ट्यावर बसला होता. शेजारी एक कापडी पिशवी, तिच्यातून खुरप्याचा आणि कोयत्याचा दांडा बाहेर आलेला. त्या दिसताच उठला.

"तू हे काय लिहून दिलंस?" फाटकावरची माणसं बघायला लागली इतक्या मोठ्याने कौशल्याबाई ओरडल्या. "अक्कल आहे का तुला? कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय."

"मग?"

सुखदेवने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "त्या दिशी पोतं निघालं तवाच मला कळलं, बाई. कशापायी झाडं मेली ते. म्हटलं, आता बाई बोलतील. तुम्ही कदी गप्प बसत न्हाय. वर्गात चुकलं की लगीच बोलायच्या, समद्यांम्होरं. त्या दिशी गप्प बसलात." तो थांबला. "बुदवारी वाट बघितली, गुरुवारी बघितली. शुक्रवारी दुपार झाली तरी कागद न्हाय. म्हटलं, बाईंना लई जड जातंय. माझं काय, मी कुठंबी खड्डा खणीन. तुमचं नाव ऱ्हायलं पायजे."

शुक्रवारी दुपारी आपण शिरा खात होतो, हे कौशल्याबाईंना आठवलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी पदराने डोळे पुसले, सगळ्यांसमोर, आणि नाकही पुसलं.

"चूक माझी होती, सुखदेव. आधी पुस्तकात, आणि मग तीन दिवस गप्प बसले, ती जास्त मोठी."

"ऱ्हाऊ द्या, बाई."

"राहू कसं देऊ?" त्या म्हणाल्या, पण जोर नव्हता आवाजात.

मनपाची बस आली. सुखदेवला औंधला एका ओळखीच्या माणसाकडे कामाचं विचारायला जायचं होतं. दोघं शेजारी बसले. त्याने खिडकी त्यांना दिली. बस निघाली, थांबली, निघाली. बाहेर नव्या इमारती, नव्या कुंपणभिंती, आणि भिंतीपुढे रांगेत लावलेली झाडं. हिरवी, बरी दिसणारी, आणि मधेच एखादं कडेने पिवळं पडलेलं. कौशल्याबाई बघत राहिल्या. बाराशे माळी. एकेकाने आयुष्यात किती झाडं लावली असतील? त्यांनी हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. सगळं शहर त्यांच्या पान चौदावर उभं होतं.

वाकड मागे पडलं. सुखदेवही बाहेर बघत होता.

"ती रांग माझी," तो हळूच म्हणाला. "सोनमोहर. गेल्या जूनात लावली, जोडधंदा म्हणून. चौदा झाडं."

"पोत्यासकट?"

"पोत्यासकट."

बस सिग्नलला थांबली होती. सोनमोहरांची पानं अजून हिरवी होती. आठच महिने झाले होते, मुळं अजून पोत्याच्या कडेला पोचतच असतील.

"अजून वाचतील," कौशल्याबाई म्हणाल्या आणि उठल्या. "चल. कोयता आहे ना?"

"बाई, तुमचे गुडघे."

"गुडघ्यांना काय विचारतोस? उतर."

सोसायटीच्या भिंतीबाहेर, पहिल्या झाडापाशी, सुखदेवने खुरप्याने बाजूने माती काढली. कौशल्याबाई पदर खोचून खाली बसल्या. हातभर खाली पांढरं पोतं लागलं. आत बारीक मुळं जाळीला येऊन टेकली होती, पण अजून पांढरी होती, जिवंत होती. सुखदेवने कोयत्याच्या टोकाने पोतं उभं चिरलं, आणि त्यांनी दोन्ही हातांनी फाटलेली कड धरून ओढली. ती निघता निघेना. कंबर भरून आली, पण त्यांनी सोडली नाही.

फाटकातून सोसायटीचा वॉचमन धावत आला. "ओ मावशी, ओ! काय चाललंय? कुणी सांगितलं झाडं खणायला?"

कौशल्याबाईंनी मान वर केली. घामाने चष्मा नाकावर घसरला होता आणि दोन्ही हात मातीत होते.

"ज्या बाईनं पोतं काढू नका म्हणून सांगितलं होतं ना," त्या म्हणाल्या, "तीच मी."

वॉचमनला काही कळलं नाही. सुखदेव खड्ड्याच्या पलीकडे सरकला आणि दुसऱ्या बाजूने पोतं कापू लागला.